दुसरा रकाना रिकामा

एखाद्याला म्हातारं करायचं असेल तर त्याच्याशी गोड बोलायला लागावं. भांडून कुणी म्हातारं होत नाही. उलट भांडणारा माणूस चांगला टिकतो. पण "असू दे गं, आता कशाला दगदग" हे वाक्य घरातल्या चौघांनी आळीपाळीनं म्हटलं, की धडधाकट बाई बसल्या जागी खचते. आमच्या थोरल्या जाऊबाईंच्या बाबतीत हा उद्योग आमच्याच घरात, आमच्याच जेवणाच्या टेबलावर झाला. म्हणून मी हे लिहिते आहे. मला राग आला होता आणि तो अजून पुरता उतरलेला नाही.

जाऊबाई डॉक्टरांचं बोलणं टाइप करतात. रुग्ण तपासून झाला की डॉक्टर यंत्रात बोलतात: कुठं सूज आहे, कुठं गाठ आहे, काय कापलं, काय शिवलं. ते बोलणं जाऊबाईंच्या कानात येतं आणि त्यांच्या बोटांतून अहवाल होऊन परत जातं. टेबलाखाली पायाशी एक पेडल असतं. दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद, टाचेनं दाबलं की दोन शब्द मागं. मी गाडी शिकवते, दिवसभर लोकांचे पाय पेडलवर बघते. जाऊबाईंइतका समजूतदार पाय मी कुणाचा पाहिला नाही. आधी त्या इस्पितळातच टाइपिस्ट होत्या. तिथला विभाग बंद झाला, मग एका कंपनीमार्फत तेच काम घरी सुरू झालं. जिन्याशेजारच्या अरुंद खोलीत त्यांचं टेबल आहे. खिडकीतून शेजारच्यांची भिंत आणि त्यांच्या पाण्याचा पाइप, एवढाच देखावा. त्यांना तेवढा पुरतो.

एक डॉक्टर आहेत, ते तोंडात पाणी धरल्यासारखं बोलतात. जाऊबाईंनी त्यांचं नाव 'गुळणी' ठेवलंय. गुळणी काय म्हणाले हे गुळणींच्या बायकोलाही कळत नसेल, पण जाऊबाईंना कळतं. कंपनीत त्यांचे सगळे अहवाल फिरून फिरून जाऊबाईंकडेच येतात.

पण त्यांचा खरा जीव लाल पट्टीच्या अहवालांत. लाल पट्टी म्हणजे तातडीचं. कुणीतरी टेबलावर निजलेलं असतं, शस्त्रक्रियेचे डॉक्टर हात धुऊन उभे असतात, आणि आत काय दिसलंय ते लिहून येईपर्यंत सगळे थांबलेले असतात. लाल पट्टी आली की जाऊबाईंची पाठ सरळ होते. त्या वेळी घरात कुणी हाक मारली तर कुकरच्या शिटीला मिळावं तेवढंही उत्तर मिळत नाही.

तर एके दिवशी कंपनीतून फोन आला. तिथं एक देखरेखवाली आहे, वयानं आमच्या मुलीएवढी, बोलायला अगदी साखर. ती म्हणाली, "काकू, तुमचे ठिपके पिवळे व्हायला लागलेत."

या कंपनीत प्रत्येक अहवालाला एक ठिपका असतो. अहवाल तुमच्याकडे पाठवला तेव्हापासून तुम्ही पहिली कळ दाबेपर्यंत किती वेळ गेला, ते यंत्र मोजतं. झटपट असेल तर हिरवा, रेंगाळलात तर पिवळा. देखरेखवाली म्हणाली, "वयाप्रमाणं होतंच हो काकू. आमच्याकडे सवलतीचा गट आहे. काम निम्मं, तातडीचं काहीच नाही. महिनाअखेरीला तुमचं नाव तिकडं टाकते. तुम्हालाच बरं."

जाऊबाई म्हणाल्या, "माझी बोटं मंद नाहीत."

"नाही हो काकू, तसं कुठं म्हणतेय मी."

तसंच म्हणत होती.

रात्रीच्या जेवणाला विषय निघाला. आमच्या घरात वरच्या मजल्यावर मी आणि आमचे हे, खाली जाऊबाई आणि मोठे भाऊजी, स्वयंपाकघर एक. भाऊजी अग्निशामक दलातून निवृत्त झाले. एवढा मोठा माणूस, पण आवाज कधी चढलेला ऐकला नाही. ते म्हणाले, "सवलत काही वाईट नसते. घे. किती वर्षं त्या खुर्चीत बसणार?" आमचे हे म्हणाले, "वहिनी, तुम्ही खूप केलंत." हे वाक्य सहसा माणसाच्या फोटोपुढं म्हणतात.

जाऊबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "माझ्या हातात काम यायलाच वेळ लागतोय. पान उघडतच नाही. आधी नुसतं गोल गोल फिरत राहतं, मग एकदम धाडकन उघडतं. माझं टाइप करणं सुरू व्हायच्या आधीच ठिपका पिवळा होतो."

आमचे हे माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "नाचता येईना..." पुढचं त्यांनी गिळलं, कारण मी टेबलाखालून त्यांचा पाय दाबला होता. ब्रेक दाबायची मला सवय आहे.

दुसऱ्या दिवशी मी इंटरनेटवाल्यांचा माणूस बोलावला. त्यानं फोन काढला, वेग मोजला, आकडा माझ्या नाकासमोर धरला. "वेग पूर्ण येतोय बाई. आणखी हवा असेल तर मोठा प्लॅन घ्या." मी म्हटलं, "रस्ता रुंद आहे हे मलाही दिसतंय. गाडी फाटकातून बाहेर का पडत नाही ते सांगा." तो म्हणाला, मोठ्या प्लॅनमध्ये तेही होईल. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

खरं काय ते कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्यानं सांगितलं. त्याच्या दुकानात नेहमी इतकी यंत्रं पोट उघडून पडलेली असतात की तो स्वतः कुठं उभा आहे ते शोधावं लागतं. जाऊबाईंनी त्याला सगळं सांगितलं: नाव टाकल्यावर पहिल्यांदा अडतं, तेच लगेच पुन्हा उघडलं तर झटकन येतं. तो मान न उचलता म्हणाला, "मग चौकशीच्या खिडकीवर रांग आहे."

त्याचं म्हणणं असं: आपण साइटचं नाव टाकतो, पण यंत्राला नावानं जाता येत नाही, त्याला आकड्यांतला पत्ता लागतो. तो पत्ता विचारायला ते इंटरनेट कंपनीच्या खिडकीवर जातं. या खिडकीला डीएनएस म्हणतात. खिडकीवर अख्ख्या वस्तीची गर्दी. त्यात जाऊबाईंचा एक अहवाल उघडायचा म्हणजे आवाज एका ठिकाणाहून येतो, रुग्णाची माहिती दुसऱ्या, शब्दांची यादी तिसऱ्या. प्रत्येकासाठी वेगळी रांग. मिळालेला पत्ता यंत्र थोडा वेळ लक्षात ठेवतं आणि मग विसरतं. घरातल्या बाकीच्यांनाही हे होतच होतं, पण कुणी त्यांचे ठिपके मोजत नव्हतं.

"मग उपाय?"

"घरातच एक खिडकी उघडायची. एखादं जुनं यंत्र ठेवायचं. ते एकदा बाहेर विचारतं आणि घरातल्या सगळ्यांसाठी पत्ते लक्षात ठेवतं. रोजच्या वापरातले पत्ते शिळे व्हायच्या आधी स्वतःच ताजे करून ठेवतं. पण काकू, ते तुम्हाला नाही जमायचं. नवा राउटर घेऊन टाका."

तो बिचारा सहज बोलला. पण 'नाही जमायचं' हे त्या आठवड्यात जाऊबाईंना सांगण्यासारखं नव्हतं. परत येताना त्या इतक्या भराभर चालत होत्या की मला मागून पळावं लागलं.

पोटमाळ्यावर एक कॉम्प्युटर होता, पडदा मेलेला, बाकी धड. तो आम्ही दोघींनी खाली आणला. जाऊबाईंनी त्याला टीव्ही जोडला आणि सूचनांची पानं समोर धरून कामाला बसल्या. मला वाटलं होतं, त्या अडतील, मला विचारतील, मी कुणाला तरी विचारीन. पण आयुष्यभर दुसऱ्याचे शब्द चुकीशिवाय उतरवून काढलेली बाई ती. कुठं टिंब, कुठं रेघ, कुठं मोकळी जागा, सगळं जसंच्या तसं. एकदा यंत्रानं नकार दिला तेव्हा त्या त्याला म्हणाल्या, "तू गुळणीपेक्षा अवघड नाहीस."

आमच्या घरात यंत्रांचंही एकत्र कुटुंब आहे. जाऊबाईंचा जुना कॉम्प्युटर, माझा दुसऱ्याच जातीचा लॅपटॉप, चौघांचे चार तऱ्हेचे फोन, टीव्ही, प्रिंटर. शिवाय ह्यांचा ऑफिसचा लॅपटॉप, जो राहतो आमच्याकडे, खातो आमची वीज, आणि काही विचारायचं झालं तर परस्पर ऑफिसला विचारतो. प्रिंटर तर वर असताना एकाला सापडायचा आणि खाली आला की दुसऱ्याला. जाऊबाईंनी नव्या यंत्रात प्रिंटरलाही नाव दिलं, 'छापखाना'. त्या नावानं तो सगळ्यांना सापडायला लागला. मी पहिल्यांदा स्वतःच्या लॅपटॉपवरून कागद छापला तेव्हा उगीचच टाळी वाजवली.

शेवटचं काम राउटरमध्ये. त्याच्या पानावर लिहायचं की आजपासून घरातल्या सगळ्यांनी पत्ते या यंत्राला विचारावेत. तिथं दोन रकाने होते. पहिल्यात जाऊबाईंनी आपल्या यंत्राचा आकडा घातला. दुसरा 'पर्यायी' होता, म्हणजे रिकामा ठेवला तरी चालणारा.

जाऊबाईंच्या धंद्यात रिकामा रकाना म्हणजे पाप. डावा की उजवा लिहायचं राहिलं तर भलताच गुडघा कापला जाईल. काही नसेल तर 'नाही' असं लिहायचं, पण मोकळं सोडायचं नाही. हे त्यांच्या बोटांतच आहे. त्यांनी दुसऱ्या रकान्यात इंटरनेट कंपनीच्या जुन्या खिडकीचा आकडा घातला. मीही म्हटलं, बरं केलंत. शिकाऊ माणूस चालवताना माझ्या पायाशीही एक ब्रेक असतोच की.

यंत्र जिन्याखालच्या फळीवर, राउटरशेजारी बसलं. पहिल्या दिवशी जाऊबाईंची पानं अशी उघडली की त्यांनी खोलीतून मला हाक मारली, "धाकटे, बघ!" मी बघितलं. नाव टाकलं की पान हजर. ठिपके सगळे हिरवे. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं आणि कुणी तक्रार केली नाही.

भाऊजींनी मात्र फळीवर हात ठेवून पाहिलं. "गरम होतंय."

"चालू यंत्र गरम होणारच," जाऊबाई म्हणाल्या.

"शेगडी आहे ही," असं म्हणून ते गेले. त्या दिवसापासून त्या यंत्राचं नाव शेगडी पडलं.

पण हिरवे ठिपके टिकले नाहीत. एक-दोन दिवसांतच सकाळचे पिवळे व्हायला लागले. दुपारी पुन्हा बरे, मधूनच पिवळे. जाऊबाई उठून शेगडी बघायच्या. दिवा लागलेला, यंत्र चालू. घरात सगळ्यांचं इंटरनेट चालू. म्हणजे बिघाड कुठंच नाही. मग पिवळं का?

देखरेखवालीचा पुन्हा फोन आला. "काकू, बघा, कधी चांगलं, कधी नाही. थकव्यानं असंच होतं."

घरात कुणी काही बोललं नाही. हेच मला सहन होईना. बोलले असते तर भांडता आलं असतं. आमचे हे वहिनींशी एकदम प्रेमानं वागायला लागले. भाऊजी त्यांना न मागता चहा करून द्यायला लागले. सगळ्यांच्या चेहऱ्यावर तेच: केला बिचारीनं प्रयत्न.

एकदा मी संध्याकाळी खोलीत डोकावले तर जाऊबाई कानातलं काढून, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. बोटं उलटीसुलटी करून बघत होत्या.

"धाकटे, खरंच माझंच असेल का गं?"

माझं डोकंच सरकलं. इतकं वाईट मला माझा पहिला विद्यार्थी परीक्षेत भिंतीवर गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. या बाईनं लोकांच्या आतड्यांचे, फुप्फुसांचे, मेंदूचे अहवाल लिहिले, आणि आज ती स्वतःच्या बोटांकडे संशयानं बघतेय, कारण एका यंत्रानं ठिपके काढलेत आणि आम्ही तिला चहा करून दिलाय! मी म्हटलं, "पुन्हा असं म्हणालात तर मी तुमच्याशी बोलणार नाही." त्या हसल्या नाहीत. महिना संपत आला होता.

उलगडा झाला तो माझ्या चष्म्यामुळं. सकाळच्या पहिल्या शिकवणीला निघाले आणि वाटेत लक्षात आलं की चष्मा घरीच राहिला. परत आले. दारातून आत पाऊल टाकलं तर भाऊजी फिरायला जायचे बूट घालून जिन्याखाली वाकलेले. त्यांचा हात शेगडीच्या बटणावर.

"काय करताय?"

ते दचकले. मग सरळ सांगितलं, ते खोटं बोलणारे नाहीत. "बंद करून जातो. आल्यावर लावतो. रोजच."

"रोज?"

"सकाळी फिरायला जातो तेव्हा. बाजारात जातो तेव्हा. जिथं कुणाचा डोळा नाही तिथं वीज चालू ठेवायची नाही, हे आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. ती आत दार लावून, कानात ते घालून बसते. इथं ठिणगी पडली तर तिला ऐकू येणार नाही. मी पाहिलेत अशी माणसं. इंटरनेट तर बंद पडत नव्हतं. मग म्हटलं, कुणाला काय त्रास."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी जाऊन जाऊबाईंचं दार ठोठावलं. त्यांनी सगळं ऐकलं. मला वाटलं, आता स्फोट होणार. पण त्या नवऱ्याकडे बघतच नव्हत्या. भिंतीकडे बघत होत्या, अवघड वाक्य ऐकताना बघतात तसं.

"शेगडी बंद असताना इंटरनेट कसं चालू राहिलं?" त्यांनी स्वतःलाच विचारलं. आणि स्वतःच उत्तर दिलं. "दुसरा रकाना."

शेगडी बंद पडली की घरातली सगळी यंत्रं मुकाट्यानं जुन्या खिडकीवर जाऊन रांगेत उभी राहत होती. कुणाचं काही अडत नव्हतं, म्हणून कुणाला काही कळत नव्हतं. भाऊजींनी परत येऊन बटण लावलं तरी शेगडीची आठवण पुसलेली, तिला सगळे पत्ते पहिल्यापासून गोळा करावे लागत. शिवाय दोन रकाने भरले की काही यंत्रं मनात येईल त्याला विचारतात, पहिल्याला किंवा दुसऱ्याला, म्हणून ते मधूनच पिवळं. बिघाड रोज होत होता. दुसरा रकाना त्यावर रोज पांघरूण घालत होता.

जाऊबाई टेबलाशी बसल्या, राउटरचं पान उघडलं आणि दुसऱ्या रकान्यातला आकडा पुसून टाकला. बोट कळीवर क्षणभर थांबलं. त्यांच्या बोटांना ते करवत नव्हतं, हे मला दिसत होतं. मग त्यांनी रकाना रिकामा ठेवून 'जतन करा' दाबलं, आणि घरभर फिरून प्रत्येकाचा फोन, टीव्ही, प्रिंटर बंद करून पुन्हा चालू केला, म्हणजे जुनं शिकवणं कुणाच्या डोक्यात राहू नये.

रात्री टेबलावर रिकाम्या रकान्याचं ऐकून आमचे हे चमकले. "वहिनी, हे बरोबर नाही. शेगडी बंद पडली तर सगळ्या घराचं बंद पडेल. ऐन सामन्यात टीव्ही गेला तर?"

"जाऊ दे."

"काहीतरी आधार हवा ना!"

"ब्रेक तर मीही लावते," मी मध्ये तोंड घातलं, "पण मी लावला की गाडी थांबते. शिकणाऱ्याला कळतं की त्याचं चुकलं. हा तुमचा आधार गाडी थांबवत नाही, नुसती रडतखडत नेतो, आणि वर चालवणाऱ्याला नावं ठेवतो."

जाऊबाई म्हणाल्या, "बंद पडलं तर तुम्ही ओरडाल. ओरडा. मी उठून बघीन काय झालंय. पण मला न सांगता मला सांभाळून घ्यायचं नाही. न सांगता सांभाळलंत, आणि मी मंद ठरले." मग त्या भाऊजींकडे वळल्या. "तुम्हाला आगीची भीती वाटते ना? मग तिथं धुराची घंटा बसवा. माझ्या कानातलं भेदून जाईल अशी बसवा. पण बटणाला हात लावायचा नाही."

भाऊजींनी दुसऱ्याच दिवशी घंटा आणली आणि स्वतः शिडीवर चढून बसवली. तिची चाचणी घेतली तेव्हा शेजारचे धावत आले. मात्र सवय ही सवय. दोनच दिवसांनी ते बाजाराला निघाले आणि जिन्याशेजारून जाताना हात बटणाकडे गेलाच. मग काय विचारता! वरून ह्यांची आरोळी, खोलीतून जाऊबाईंची, माझ्या फोनवरचं गाणं अर्ध्यात मेलं. भाऊजी फाटकापासून पिशवीसकट पळत आले आणि बटण लावून, कानाला हात लावून उभे राहिले. जाऊबाई दारात येऊन म्हणाल्या, "बघा. आता कळलं की नाही?" त्या दिवशी त्या खूप दिवसांनी हसल्या.

त्यानंतर ठिपके हिरवे झाले ते हिरवेच राहिले. सकाळी, दुपारी, गुळणींचे, लाल पट्टीचे, सगळे.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी देखरेखवालीचा फोन आला तेव्हा मी शिकवणीहून येऊन दारातच बूट काढत होते. भाऊजी चहा घेऊन खोलीत उभे होते. जाऊबाईंचे हात कामात, म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवलेला.

"काकू, काय जादू केलीत? सगळं हिरवं! औषध-बिषध सुरू केलंत का?"

"नाही. घरातली खिडकी दुरुस्त केली."

तिला काही कळलं नाही. ती पुढं म्हणाली, "पण काकू, मी वर बोलून ठेवलंय. सवलतीच्या गटात तुमचं नाव तयार आहे. घेऊन टाका. तिथं उशीर झाला तरी कुणी विचारत नाही."

"आणि नाही घेतलं तर?"

"मग पुन्हा पिवळं झालं तर गट नाही, काही नाही. थेट काम बंद. तेव्हा मला मदत करता येणार नाही हो. नीट विचार करा."

जाऊबाईंची बोटं कळांवरच थांबली. मी बूट हातात धरून तशीच उभी राहिले. एवढे दिवस लढलेली बाई पहिल्यांदा अडखळली होती, आणि का ते मला कळत होतं. त्या मूर्ख नाहीत. शेगडी जुनी आहे. उद्या रस्ता खोदताना कुणी तार तोडेल. आणि बोटं आज मंद नाहीत, पण कधीतरी होतीलच की. एका शब्दात सुरक्षित होता येत होतं.

"नको घेऊस," भाऊजी म्हणाले.

जाऊबाईंनी मान वळवली. मीही. सवलत काही वाईट नसते, असं याच माणसानं सांगितलं होतं.

भाऊजींनी कप टेबलावर ठेवला. "मी घेतली होती." त्यांचा आवाज तसाच, न चढलेला. "शेवटची काही वर्षं. छातीत एकदा दुखलं, तर साहेबांनी मला गाडीवरून उतरवून टेलिफोनवर बसवलं. चांगल्या मनानं. घंटा वाजली की पोरं माझ्यासमोरून धावत जायची, आणि मी खुर्चीत बसून पुढचा फोन घ्यायचो. घरी सांगितलं नाही. गणवेश घालून निघत होतो, कुणी विचारलंही नाही. तू जिन्यात उभी राहायचीस. आज परत येतोय की नाही म्हणून. मी रोज बघायचो, आणि गप्प आत यायचो."

खोलीत फोनमधून देखरेखवालीचा श्वास ऐकू येत होता. "काकू? आहात ना?"

जाऊबाईंनी नवऱ्याच्या चेहऱ्यावरून नजर काढली नाही. "आहे. माझं नाव त्या गटातून काढ."

"अहो पण काकू, पुढच्या वेळी..."

"पुढच्या वेळी उशीर झाला तर फोन कर आणि विचार, का झाला. मी उत्तर देईन. ते पटलं नाही तर काम काढून घे. पण आजपासून माझ्यासाठी कुणी काही ठरवून ठेवायचं नाही."

पडद्यावर लाल पट्टी उमटली होती. त्यांनी फोन बंद केला, कानातलं उचललं आणि भाऊजींना म्हणाल्या, "जिन्यात मी एवढी वर्षं उभी राहिले, त्याचं काय ते संध्याकाळी बोलू. मी सोडणार नाहीये तुम्हाला. आता बाहेर व्हा, कुणीतरी टेबलावर निजलंय."